सोलर बसवलं, तरी बिल येतंय

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं घर आहे. 'वीजबिल शून्य' ऐकून कर्ज काढून 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. 10 जुलै 2024 ला चालू झालं, पण बिल अजून हजाराच्या वर येतं. कंपनीवाला 'पुढच्या आठवड्यात बघतो' म्हणतो. करारात 'वाद पुण्यात, लवादापुढे' (म्हणजे कोर्टाऐवजी पंचापुढे) असं आहे. कर्जाचा हप्ता थांबवू का?

उत्तर : हप्ता थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, आणि कंपनीशी भांडण आहे म्हणून बँक तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, सांभाळत बसणार नाही.

अशी पत्रं बरीच येतात. 'ही फसवणूकच ना?' असं सगळे विचारतात, तारीख कुणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. 'काम समाधानकारक पूर्ण' या इंग्रजी कागदावर तुम्ही न वाचता सही ठोकलीत, खाली 10 जुलै 2024. समोरचा वकील तिथूनच मोजणार. पहिल्या जादा बिलापासून मोजा, असं मी म्हणू शकतो, पण त्यावर विसंबणार नाही. व्हॉट्सॲपवरच्या 'बघतो'ने मुदत वाढत नाही, नोटिशीनेही नाही. उशीर झालाच, तर माफीचा अर्ज करता येतो. मान्य होईलच असं नाही.

पुण्याच्या कलमाला घाबरू नका. राहत्या ठिकाणी, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लवादाचं कलम आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात 2018 मध्येच सांगितलंय. कंपनीला दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फीही नाही.

किती रक्कम परत मिळेल, हे आज सांगता येणार नाही. युनिट शून्य झाले तरी बिलातला दरमहाचा स्थिर आकार लागतोच. तेवढा भाग वगळूनच मागणी करा. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की दुपारी तीनला शेजारच्या टाकीची सावली निम्म्या पॅनेलवर येते. अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! जागा पाहूनच कंपनीने पॅनेल बसवले ना? तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, इन्व्हर्टरच्या ॲपमधले महिनावार युनिट उतरवून घ्या, सोलरआधीच्या वर्षाची बिलं जोडा.

मालाची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो. तुम्ही मनात दोन दिवाळ्या धरा.