तिसरा टर्बो घेण्याआधी वळचणीत हात घालून बघा

"टिनाखाली लाकडी माळा, त्याखालची खोली रात्री दोनपर्यंत भट्टी, छपरावर दोन टर्बो बसवले, गरगर फिरतात पण फरक शून्य, तिसरा बसवू का?" हे तुमचं वाचलं आणि 2018 चा मे आठवला. (टर्बो म्हणजे छपरावरचा बिनविजेचा फिरता पंखा, माळ्यावरची गरम हवा बाहेर काढायला लावतात तो.) आमचं घर अकोल्यात. जुनी कवेलू काढून टिना टाकल्या तेव्हा सगळे खूश होते, माकडांचा त्रास गेला म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की कवेलूंच्या फटींतून हवा खेळायची, ती आता बंद झाली.

गरम हवा वर जाते, पांढरा रंग ऊन परतवतो वगैरे तुम्हाला माहीत असणारच. मी थेट माझ्या चुकीवर येते, कारण तीच तुमच्याकडे झाली असावी असा मला दाट संशय आहे.

पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली एक अर्धगोल भोक राहतं. आमच्याकडे त्यातून उंदीर यायचे, चिमण्या घरटी करायच्या, सासूबाईंच्या वाळवणावर कचरा पडायचा. म्हणून मीच, हो मीच, गवंड्याला उभं करून ती सगळी भोकं विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद करून घेतली. वर त्याला चहा पाजला. मग माळा तापतो म्हणून एक टर्बो. फरक नाही म्हणून दुसरा. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "ताई, अजून एक लावा, मग बघा." साडेतीन हजारांना एक, फिटिंग वेगळं. तिसराही लावला. एकदाही त्या भल्या माणसाने विचारलं नाही की हवा आत कुठून येते! विकणारा बाहेर जाणारी वाटच विकतो, कारण आत यायची वाट फुकट असते.

हिशेब साधा आहे. 24 इंची टर्बोच्या गळ्याचं क्षेत्रफळ साधारण 3 चौरस फूट. दोन म्हणजे 6. तेवढीच, खरं तर थोडी जास्तच, वाट खाली वळचणीला हवी. जाळी लावली तर ती बरीच जागा खाते, म्हणून हिशेबात ढिलं धरा. माझ्याकडे वर 9 चौरस फूट आणि खाली शून्य होतं. टर्बो तरी फिरतच होते, कारण ते वाऱ्यानेही फिरतात. फिरतो म्हणजे हवा ओढतो असं नाही.

कळलं कसं, तर उदबत्तीने. दुपारी खोलीत स्टुलावर चढून माळ्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ रेघेसारखा फटीत शिरला. म्हणजे बाहेरून हवा मिळत नाही म्हणून जी काही थोडी ओढ होती ती माझ्याच खोलीतून चालली होती. कूलरची गार हवा माळ्यावर! कुणी म्हणेल, बरंच की, माळा गार होईल. होतो थोडा. पण लाइट गेली, कूलर थांबला की तीच ओढ दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून बाहेरची लू खोलीत आणते. दुपारी पडदे लावून, दारं बंद करून बसायचं आणि वरून तीन पंखे घरात झळा ओढतायत. दोन उन्हाळे असे काढले.

मग छिन्नी-हातोडी. रोज पहाटे सहा ते आठ, चार दिवस, समोरासमोरच्या दोन्ही वळचणी मोकळ्या केल्या. आतून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी. डासांची बारीक जाळी लावू नका, आमच्याकडच्या धुळीने ती महिनाभरात भिंत होते. फळ्यांच्या फटींवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, माळ्याच्या झाकणाला कडेने फोम लावला. पुन्हा उदबत्ती: वळचणीत धूर आत जातोय, फटीजवळ जागच्या जागी घुटमळतोय. दुपारी तीनला, बाहेर 44 असताना, माळ्यावर आधी 58 दिसायचे ते 49 वर आले. रात्री अकराला खोली 38 ऐवजी 34. हे एका घरचं, एका स्वस्त थर्मामीटरचं मोजमाप आहे, तुमच्याकडे असंच होईल अशी हमी मी देत नाही. मी इंजिनीअर नाही.

आणि 34 म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. हवा खेळली तरी तापलेला पत्रा फळ्यांवर झळ फेकतच राहतो, ती वाऱ्याने जात नाही. त्यासाठी पत्र्यावरून चुना. डिंक घालून दोन हात, मार्चअखेर. पावसात धुतला जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण टर्बोच्या मानाने फारच स्वस्त. अहमदाबादेत 2017 मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायची मोहीम निघाली ती उगाच नाही. आज पुन्हा सुरुवात केली तर मी आधी चुना, मग वळचण, आणि तरी गरज वाटली तरच एक टर्बो असं करीन. काही लोक उलट सांगतील, सांगू द्या.

हो, टर्बोसाठी पत्र्याला पाडलेलं भोक जूनमध्ये गळतंच. आमचं पहिल्याच पावसात गळलं, ते थेट गव्हाच्या कोठीवर. फिटिंगवाल्याचा फोन तेव्हापासून "व्यस्त" आहे.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला ड्रिल लावू नका, कापू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि माळ्यावर विजेवर चालणारा एक्झॉस्ट लावायचा विचार असेल, घरात गॅस गिझर असेल, तर आधी आत येणारी वाट मोकळी करा. नाहीतर गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी बाथरूममध्ये उलटा येऊ शकतो. माळ्यावरून गेलेली वायरही बघून घ्या, साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतचीच असते आणि जोडावरची टेप तर त्याआधीच सुटते. आमची सुटली होती.

दुपारी माळ्यावर चढू नका. मी एकदा अडीचला चढले, कोपऱ्यात ठेवलेल्या गणपतीतल्या मेणबत्त्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि मी दोन मिनिटांत खाली. पहाटे जा, टॉर्च घ्या, पत्रा भिंतीला टेकतो तिथे बोटं घालून बघा. सिमेंट लागलं तर तिसऱ्या टर्बोचे पैसे गवंड्याला द्या. भोकं मोकळी असतील तर माझा अंदाज चुकला. मग वळचणीचा आणि माळ्याच्या झाकणाचा फोटो टाका, बघू काय ते.