काराबाखमध्ये तेलाचा थेंब नाही, तरी दोन पिढ्या तिथं मेल्या

प्रश्न असा आहे: "आजची युद्धं खरंच इतिहास आणि राष्ट्रवादामुळे होतात का, की ती फक्त लोकांना सांगायची कारणं असतात आणि खरं कारण तेल, पैसा आणि शस्त्रांचा धंदा हेच असतं?"

हा प्रश्न बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी तेलाच्या धंद्यातला माणूस. अझरबैजानला, बाकूमध्ये एका ड्रिलिंग कॉन्ट्रॅक्टरकडे बरीच वर्षं काढली. काराबाख म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतला, पण आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ प्रदेश; नव्वदच्या दशकातल्या पहिल्या युद्धात तो आणि आजूबाजूचे जिल्हे आर्मेनियन फौजांनी घेतले होते. २०२० मध्ये त्यावरून पुन्हा युद्ध झालं तेव्हा मी तिथंच होतो आणि नेमकी त्याच वेळी आमच्या साडूंची मुलगी, म्हणजे माझी भाची, समोरच्या बाजूला, आर्मेनियाच्या येरेवानमध्ये एमबीबीएस करत होती. एका घरातली दोन माणसं एका युद्धाच्या दोन बाजूंना. साडूंचं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे, की इतिहास वगैरे सगळं सामान्य माणसाला येडं बनवायला असतं, खरं कारण तेल. आणि घरच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर त्यांनी मला सुनावलं होतं की तुमच्या पाइपलाइनपायी माझी पोरगी तिकडं अडकलीय. बापाची काळजी मी समजू शकतो, पण ते वाक्य मला तेव्हाही मान्य नव्हतं.

अहो, काराबाखमध्ये तेल नाही. एक विहीर नाही. अझरबैजानचं तेल आहे कॅस्पियन समुद्रात, काराबाखपासून शेकडो किलोमीटर लांब. ते तेल जॉर्जियामार्गे तुर्कीला नेणारी बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइन जाते ती काराबाखच्या उत्तरेनं. २०२० च्या जुलैमध्ये चकमक झाली ती आर्मेनियाच्या सीमेवरच्या तोवुझला, आणि तोवुझच्या भागातून पाइपलाइन जाते हे खरं, त्यामुळे साडूंना तेव्हा मोठाच पुरावा सापडला होता. पण त्या चकमकीत अझरबैजानचा एक जनरल मारला गेला आणि त्यानंतर एका रात्रीत बाकूत हजारो लोक रस्त्यावर आले, काही पार्लमेंटच्या इमारतीत घुसले, ते ओरडत होते "काराबाख". पाइपलाइनचं नाव कुणी घेत नव्हतं. आणि सप्टेंबरच्या २७ तारखेला मोठं युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्य गेलं ते दक्षिणेच्या जब्राइल-फुझुलीकडून डोंगरातून वर शुशापर्यंत. शुशा हे डोंगरमाथ्यावरचं छोटं गाव, ना कारखाना ना खाण. पण अझेरी लोकांचे संगीतकार, शायर तिथले, आणि आर्मेनियन लोकांचं मोठं कॅथेड्रलही तिथंच. दोघांनाही ते गाव म्हणजे आपला आत्मा वाटतो. (शुशाच्या उंचीवरून खालचं स्तेपानाकेर्त, म्हणजे काराबाखमधल्या आर्मेनियन लोकांची राजधानी, तोफेच्या टप्प्यात येतं, तेही कारण होतंच, ते नाकारत नाही.)

आता रामिझबद्दल सांगतो, कारण मला जे कळलं ते त्याच्या घरात कळलं. रामिझ आमच्या यार्डात क्रेन ऑपरेटर. मूळचा अग्दामचा. अग्दाम हे काराबाखच्या बाहेरचं, पूर्वेला लागून असलेलं अझेरी वस्तीचं शहर, ते जुलै १९९३ मध्ये आर्मेनियन फौजांनी घेतलं आणि सगळं शहर रिकामं झालं. रामिझ तेव्हा शाळकरी होता. तिथून त्याचं कुटुंब बाकूत आलं आणि विद्यार्थ्यांच्या जुन्या होस्टेलमधल्या एका खोलीत राहिलं, तसे लाखो लोक राहिले, कुणी शाळांमध्ये, कुणी तर रेल्वेच्या डब्यांत. मी त्याच्याकडे चहाला जायचो. छोट्या कंबर आवळलेल्या काचेच्या ग्लासात काळा चहा आणि बरोबर वाटीत चेरीचा मुरंबा, आणि भिंतीवर त्याच्या मुलाचं शाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं.

ते प्रमाणपत्र त्यानं मला वाचून दाखवलं होतं. त्यावर शाळेचं नाव अग्दाम जिल्ह्याचं. शाळेची इमारत बाकूत, मुलगा जन्मला बाकूत, अग्दाम त्यानं आयुष्यात पाहिलेलं नाही, पण शाळा अग्दामची. कारण सरकारनं गेलेल्या जिल्ह्यांच्या शाळा, त्यांचे कारभारी, ऑफिसं सगळं तसंच नावानिशी बाकूत आणि इतर शहरांत चालू ठेवलं होतं. विस्थापिताचा दर्जाही बापाकडून मुलाला मिळायचा. म्हणजे सरकारी कागदावर ते पोर विस्थापितच जन्माला आलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं अशी मुलं एका वर्गात बसून, दरवर्षी फेब्रुवारीत खोजालीचा स्मृतिदिन पाळत मोठी झाली. १९९२ मध्ये खोजालीतून पळणारे शेकडो अझेरी नागरिक मारले गेले, ते घडलंय, त्यात खोटं काही नाही. पण त्या मुलांना सुमगायतबद्दल कुणी शिकवलं नाही, जिथं १९८८ च्या फेब्रुवारीत बाकूच्या शेजारीच आर्मेनियन लोकांना घरात घुसून मारलं. मी रामिझच्या मुलाला विचारलं होतं. त्यानं ऐकलं होतं की ते आर्मेनियन लोकांनी स्वतःच घडवून आणलं.

आणि त्याच खोलीत रामिझची आई बसलेली असायची. तिनं अग्दाम बघितलेलं, युद्ध बघितलेलं, नवऱ्याचा भाऊ गमावलेला. तिच्या बोलण्यात आर्मेनियन शेजारीण यायची, कोण कुणाच्या लग्नाला गेलं, सुंतेच्या वेळी पोराला मांडीवर घेऊन बसणारा किर्वा आर्मेनियन असायचा, ते मानाचं नातं असायचं वगैरे. तिला राग नव्हता असं नाही, भरपूर होता. पण तिच्या रागात माणसं होती. नातवाच्या रागात नुसता नकाशा होता. युद्ध सुरू झालं तेव्हा तो राखीव दलाचं बोलावणं यायच्या आधीच जाऊन उभा राहिला, आजी अडवत होती. परत आला, एका कानानं ऐकू येत नाही त्याला आता. आलेला बघून आम्ही सगळे रडलो हे खरं सांगतो, कारण यार्डातल्या दोघांची पोरं आली नाहीत.

२० नोव्हेंबरला अग्दाम परत अझरबैजानच्या ताब्यात आलं. रामिझनं मोबाइलवर ड्रोनचा व्हिडिओ लावला, पॉज करायचा, बोटांनी मोठा करायचा, आई म्हणायची मशिदीपासून खाली ये, आता डावीकडे. दोन मिनारांची ती एकोणिसाव्या शतकातली मशीद तेवढी उभी होती, बाकी मैलोन् मैल नुसते चौथरे आणि झुडपं. घर सापडलं नाही. रस्ताच ओळखू येत नव्हता तर घर कुठून सापडणार.

साडूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बघ, त्या पोराला वापरलं. वापरलं हे बरोबरच आहे हो. पण कशानं वापरलं? पैसे देऊन नाही नेलं त्याला.

आता येरेवानची बाजू. भाची ज्या घरात पेइंग गेस्ट होती तिथल्या आजींचा नातू अठरा वर्षांचा, सक्तीच्या लष्करी सेवेत, थेट आघाडीवर. भाची सांगायची की आजी अझेरी म्हणायच्याच नाहीत, "तुर्क" म्हणायच्या, आणि टीव्हीवर तुर्की बनावटीची बायरक्तार ड्रोनं दिसली की त्यांच्यासाठी ते २०२० राहायचंच नाही, १९१५ व्हायचं. ऑटोमन साम्राज्यानं आर्मेनियन लोकांचा जो वंशसंहार केला त्यातून त्यांचे आजोबा वाचलेले. ज्या समाजाची अशी आठवण आहे त्याला तुम्ही "दोन जिल्हे सोडून द्या, शांतता मिळेल" असं सांगायला गेलात तर त्याला ऐकू येतं की मरायला तयार व्हा. हे नुसतं भावनिक बोलणं नाही, याची राजकीय किंमत मोजली गेलीय. आर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष तेर-पेत्रोस्यान यांनी १९९७ मध्ये लेख लिहून सांगितलं की जिंकलेले आजूबाजूचे जिल्हे परत देऊन तडजोड करा, वेळ आपल्या बाजूनं नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या वेळी आर्मेनिया जिंकलेला होता, समोर तेलाचा पैसा यायला अजून अवकाश होता, तडजोडीला याहून चांगली वेळ नव्हती.

आणि पुढं जे झालं ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. सुरुवातीला हे सात जिल्हे आर्मेनियन लोक स्वतःच "सुरक्षा पट्टा" म्हणायचे, वाटाघाटीत देण्याघेण्यासाठी ठेवलेले. मग २००५ नंतर अग्दामजवळच प्राचीन तिग्रानाकेर्त शहराचं उत्खनन सुरू झालं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाचं शहर. उत्खनन खरं, अवशेष खरे, पण बघता बघता जी जमीन सौद्यात द्यायची होती ती पूर्वजांची जमीन झाली, आणि पूर्वजांची जमीन कोण सोडणार? २०१९ मध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान स्तेपानाकेर्तला जाऊन म्हणाले, आर्त्साख (काराबाखचं आर्मेनियन नाव) म्हणजे आर्मेनिया, विषय संपला. वर्षभरानंतर युद्ध. दोन्ही बाजूंचे मिळून साडेसहा हजारांहून जास्त सैनिक गेले, त्यातले किती तरी भाचीच्या वयाचे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये उरलेलं काराबाखही गेलं आणि एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक आठवड्याभरात घरदार सोडून निघाले. त्या आजींची बहीण त्यात होती.

अझेरी बाजू काही शहाणी नाही. तिथल्या इतिहासकारांनी सोव्हिएत काळापासून मांडलंय की काराबाखमधली जुनी चर्चेस आर्मेनियन नाहीतच, कॉकेशियन अल्बेनियन लोकांची आहेत (कॉकेशसमधला एक प्राचीन समाज, आजच्या अल्बेनिया देशाशी संबंध नाही). अझरबैजानच्याच नखिचेवान प्रांतातल्या जुल्फाच्या कबरस्तानातले हजारो कोरीव दगडी क्रूस फोडून मैदान सपाट केलं. जिंकल्यावर २०२१ मध्ये बाकूत युद्धाच्या लुटीचं पार्क काढलं, त्यात मेलेल्या आर्मेनियन सैनिकांची हेल्मेटं भिंतभर लावली होती आणि मोठ्या नाकाचे, विद्रूप चेहऱ्याचे मेणाचे पुतळे. लोक लहान पोरांना घेऊन जात होते. मी गेलो नाही आणि ऑफिसच्या सहलीला नाही म्हणून सांगितलं, त्यावरून बोलणीही खाल्ली. नंतर ती हेल्मेटं आणि पुतळे काढले. आता तिथं आर्मेनियालाच "पश्चिम अझरबैजान" म्हणायचं चाललंय. म्हणजे पहिल्यानं जिंकल्यावर जी चूक केली तीच दुसरा करतोय.

तुम्ही कदाचित परीक्षेच्या तयारीसाठी विचारलं असेल, म्हणून एक सांगतो. कुठल्याही संघर्षात शस्त्रसंधीच्या वर्षांत दोघांनी काय केलं ते बघा. १९९४ ते २०२० ही वर्षं बघा. तेल त्यात आहेच. त्या पैशातून अझरबैजाननं तुर्कीची, इस्रायलची ड्रोनं घेतली, एक वेळ अशी आली की त्यांचा संरक्षण खर्च आर्मेनियाच्या सगळ्या सरकारी बजेटहून जास्त होता. युद्ध जिंकलं कुणी हे तेलानं ठरवलं असं म्हणा, मी सही करतो. पण युद्ध कशासाठी आणि कुठल्या डोंगरासाठी, आणि अठरा वर्षांचं पोर हसत का गेलं, याचं उत्तर तेलात नाही.

आपल्याकडचे लोकही यात उगाच ओढले गेलेत. आर्मेनियानं आपली पिनाका रॉकेटं घेतली, जी पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत विकसित झाली, आणि अझरबैजान, तुर्की पाकिस्तानच्या जवळचे, त्यामुळे २०२५ च्या मेमधल्या भारत-पाक संघर्षानंतर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी बाकूच्या टूर रद्द केल्या, पुण्याच्या मार्केटात तुर्की सफरचंदांवर बहिष्कार पडला. ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्याच ग्रुपवर पूर्वी बाकूजवळच्या सुराखानीच्या आतेशगाहचे फोटो यायचे, तिथं दगडावर देवनागरीत "श्री गणेशाय नमः" कोरलेलं आहे, व्यापारी आणि साधू तिथल्या ज्वालेपाशी यायचे त्या काळातलं, आणि खाली हमखास कॉमेंट असायची की म्हणजे हा भाग आपलाच होता. मी दरवेळी लिहायचो की असं म्हणू नका. लोकांना वाटायचं मी देशद्रोही बोलतोय. एका शिलालेखावरून "आपलंच" व्हायला दोन मिनिटं लागतात, मी दोन देशांत ते त्याच्या शेवटापर्यंत गेलेलं पाहिलंय.

हे सगळं मी बाकूत बसून पाहिलं, येरेवानचं भाचीच्या तोंडून ऐकलं, तेव्हा अझेरी बाजूची दुःखं मला जास्त जवळून दिसली हे धरून चाला. कायद्यानं ती जमीन अझरबैजानचीच होती, १९९३ चे सुरक्षा परिषदेचे चार ठराव तसंच सांगतात. रशियानं दोघांनाही शस्त्रं विकली, तेही साडूंच्या खात्यात जमा करतो. आणि प्रत्येक युद्ध असंच असतं असा माझा दावा नाही, १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं ते वेगळं, तिथं तेल खरंच मध्यभागी होतं.

पण साडूंना, आणि तुम्हालाही, आजची परिस्थिती सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलीयेव आणि पाशिन्यान वॉशिंग्टनला भेटले, शांतता कराराच्या मसुद्यावर दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षरं केली. अंतिम सही नाही झाली. बाकूची अट अशी की आर्मेनियानं आधी आपली राज्यघटना बदलावी, कारण तिच्या प्रास्ताविकेत १९९० च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा उल्लेख आहे, आणि त्या जाहीरनाम्यात १९८९ च्या एका ठरावाचा, ज्यात काराबाख आर्मेनियाला जोडल्याचं म्हटलं होतं. जमीन गेली, माणसं निघून गेली, तिथं आता आर्मेनियन जवळपास कुणी नाही, तरी करार अडलाय प्रास्ताविकेतल्या त्या एका उल्लेखावर. आता यातलं तेल कुठलं ते साडूंनी मला सांगावं.