बालवाडीतले पहिले दिवस आणि रडणारं मूल
ताई, जूनमध्ये नवीन मुलं रडणारच. तीन वर्षांच्या मुलाला ‘आई दुपारी येईल’ यातली दुपार कळत नाही. ‘गाणी झाली, खाऊ खाल्ला, की आई येईल’ असं सांगा. आईला गुपचूप सटकू देऊ नका, नाहीतर मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चिकटतं. निरोप छोटा, रोज सारखाच. ‘रडू नको’ऐवजी खाली बसून ‘आईची आठवण येतेय ना?’ म्हणा.

खरी काळजी गप्प बसणाऱ्या, न खेळणाऱ्या, डबाही न उघडणाऱ्या मुलाची. शहाणं म्हणून त्याला सोडून देऊ नका. तीन-चार आठवड्यांनीही तसंच असेल, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर पालकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.