युटा-ॲरिझोनातल्या कॅन्यनमधला गाइडबरोबरचा बॅकपॅकिंग ट्रेक पन्नाशीत झेपेल का? गाइडचे पैसे वसूल होतात का?

तुम्ही लिहिलंय की वय 53, सिंहगड नेहमीचा, सांदण दरी झालेली आहे, लेक फिनिक्सला असते आणि तिने पुढच्या एप्रिलसाठी परिया कॅन्यनच्या एका ट्रिपची माहिती पाठवली आहे. मीही त्याच भागात राहतो. परिया आधी गाइडबरोबर केला, नंतर मित्रांबरोबर आमचा आम्ही. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

झेपेल. चढ जवळजवळ नाहीच. युटामधल्या व्हाइट हाउस नावाच्या जागेपासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत 38 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर, नदीच्या पात्रातून आणि काठाकाठाने खालच्या दिशेला चालत राहायचं. दम लागण्याचा प्रश्नच येत नाही. वाट लागते ती खांद्यांची आणि पावलांची.

खांद्यांची अशासाठी की आपण सह्याद्रीत तसे हलके फिरतो. जेवण पायथ्याच्या गावात, मुक्काम देवळात नाहीतर गुहेत, पाणी टाक्यातलं. इथे तंबू, स्लीपिंग बॅग, सगळ्या दिवसांचा शिधा आणि पाणी आपल्याच पाठीवर. हिमालयातल्या ट्रेकसारखी खेचरं किंवा पोर्टर नसतात. गाइड स्टोव्ह, भांडी, औषधं वगैरे उचलतो, पण सामायिक सामानातला आपला वाटा आपल्यालाही घ्यावाच लागतो. सॅक सहज 14-15 किलोची होते. त्यामुळे आत्तापासूनच सिंहगडावर जाताना सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा आणि वर गेल्यावर पाणी ओतून द्या. चढताना वजनाची सवय होते आणि उतरताना गुडघे वाचतात. नुसतं रिकाम्या हाताने गड चढून या ट्रेकची तयारी होत नाही.

पावलांचं दुखणं वेगळं. नदी इतक्या वेळा ओलांडावी लागते की थोड्या वेळाने बूट काढण्याचा विचारच सोडून द्यायचा. भारीतले वॉटरप्रूफ बूट इथे कुचकामी, कारण एकदा आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. जाळीचे, पाणी निथळणारे, पायाला सरावलेले रनिंग शूज घ्या. एप्रिलमध्ये पाणी चांगलंच गार असतं आणि अरुंद भागात ऊन खालपर्यंत पोचत नाही, म्हणून निओप्रीनचे मोजे हवेत. मोज्यात बारीक वाळू शिरते आणि ती ओल्या पायाला घासून फोड येतात. संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून, सुके मोजे चढवायचे. हा एक नेम चुकवू नका.

आता गाइडचं. वाट दाखवायला म्हणून गाइड घेत असाल तर पैसे वाया आहेत. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये नदी, चुकणार कुठे? गाइड लागतो तो पुराच्या पाण्यासाठी. परिया नदी उगम पावते ती वर ब्राइस कॅन्यनच्या बाजूला. तिकडचा भाग म्हणजे उघडा खडक आणि तुरळक झुडपं. पाऊस मुरत नाही, सगळा वाहून खाली येतो. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असताना लोंढा येऊ शकतो. आणि नॅरोज म्हणतात त्या भागात काही मैल असे आहेत की भिंतीवर चढून जायला जागाच नाही. तिथे मान वर केलीत तर डोक्यापेक्षा कितीतरी उंच, दोन भिंतींमध्ये अडकलेले ओंडके दिसतील. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण.

सांदणला पावसाळ्यात जाऊ नये हे आपल्याला ठाऊक असतं, कारण पाऊस आपल्यासमोर पडत असतो. इथे पाऊस दिसतच नाही. 12 ऑगस्ट 1997 ला इथून जवळच, पेज गावाबाहेरच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. पाऊस काही मैल वर पडला होता. त्या दिवशी आतल्या लोकांबरोबर गाइडही होता आणि तो एकटाच वाचला. म्हणजे गाइड बरोबर आहे म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. 'आज आत जायचं नाही' असं पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना तोंडावर सांगणारा गाइड हवा.

माझ्या ट्रिपची गाइड तशी होती. पंचविशीतली पोरगी, आवाज बेताचा, पण मुक्कामाची जागा निवडताना कुणाचं ऐकायची नाही. पाण्यालगत मऊ वाळूचा सुंदर पट्टा दिसला की आमचे डोळे तिकडे, आणि ती आपली वरच्या सपाट टप्प्यावर, कॉटनवुडच्या झाडांखाली. तंबू लागले की पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची आणि जेवताना, झोपण्याआधी टॉर्च मारून बघून यायची. पाणी काडीच्या पुढे सरकलं का, गढूळ झालं का, काड्याकचरा वाहून येतोय का. हे तिच्याकडून उचललं आणि पुढे आमच्या आम्ही गेलो तेव्हा तेच केलं.

पिण्याच्या पाण्याचं तर पुणेकराला हसू येईल. नदीचं पाणी बऱ्याचदा चहासारखं गढूळ असतं, फिल्टर दहा मिनिटांत तुंबतो. उपाय? तुरटी! घडीच्या बादलीत पाणी भरायचं, चिमूटभर तुरटीची पूड टाकून ढवळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद काढून मग फिल्टर करायचं. आमच्या गटातले अमेरिकन लोक ही जादू बघत होते आणि मला आजीच्या घरचा माठ आठवत होता. मधे बिग स्प्रिंगसारखे झरे लागतात, तिथे स्वच्छ पाणी मिळतं. खालच्या टप्प्यात मात्र झरे संपतात आणि ऊन वाढतं, म्हणून शेवटच्या झऱ्यावर जितकं उचलता येईल तितकं भरून घ्यायचं.

ते झरे जरा थांबून बघा. भिंती नवाहो सँडस्टोनच्या, म्हणजे जवळपास 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दगड होऊन राहिलेल्या. भिंतीवर तिरक्या रेघांचे थर दिसतात ते वाऱ्याने वाळू ज्या उतारावर टाकली तो उतार. आपला बेसॉल्ट पाणी भेगांतूनच सोडतो. हा दगड मात्र स्वतःच पाणी शोषतो, ते हळूहळू झिरपत उतरतं आणि खाली न झिरपणारा थर लागला की बाजूने भिंतीतून बाहेर येतं. ऐन वाळवंटात भिंतीला हंसराजाची नेची लटकताना दिसतात ती त्यामुळे.

शौचाचा प्रश्न तुम्ही आडून विचारलाय, मी सरळ सांगतो. खड्डा खणून मोकळं होता येत नाही. जाड पिशव्या मिळतात, आत ओल शोषून घेणारी पूड असते. त्यात उरकायचं, घट्ट बंद करायचं आणि ट्रेक संपेपर्यंत सोबत वागवायचं. नियमच आहे. पहिल्या सकाळी किळस येते, नंतर कुणी त्यावर बोलतही नाही. सॅकच्या बाहेरच्या बाजूला बांधायला एक वेगळी पिशवी ठेवा, एवढंच.

जेवण: 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असं इथे गृहीत धरतात. चालत नसेल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. थोडे थेपले, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मी सांगायची गरज नाही, तुम्ही नेणारच. रात्री सॅकमध्ये खाऊ ठेवू नका, उंदीर सॅक कुरतडतात. शेकोटीला बंदी आहे.

ट्रिपच्या कार्यक्रमात बकस्किन गल्चमधून उतरणं असेल तर पुन्हा विचार करा. वायर पासवरून शिरायचं ती चिंचोळी घळ अप्रतिम आहे, पण कंबरभर गारठलेली डबकी, शेवटी दोर लावून उतरायचा दगडांचा ढीग आणि पूर आला तर पळायला जागा नाही. पहिल्या खेपेला व्हाइट हाउसवरूनच जा. मधेमधे रुतणारी वाळू लागेल, गुडघ्यापर्यंत पाय जातो. घाबरून झटके देऊ नका, सॅकचे पट्टे सोडा, मागे रेलून पाय हळूहळू सोडवा.

लेकीला कंपनीला हे विचारायला सांगा: बीएलएमचा, म्हणजे तिथल्या सरकारी जमीन खात्याचा, व्यावसायिक परवाना आहे का? गाइडने वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा, म्हणजे आडरानात प्रथमोपचार करण्याचा, कोर्स केलाय का? सॅटेलाइटवरून संपर्क साधायचं यंत्र बरोबर असतं का? आणि मुख्य म्हणजे हवामान बिघडलं तर दुसरा मार्ग कोणता आणि पैशांचं काय? शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. परियात मुक्कामाला दिवसाला 20 च माणसांना प्रवेश असतो आणि गट 10 पेक्षा मोठा चालत नाही, त्यामुळे 'अजून जागा आहेत, बघू नंतर' यावर विसंबू नका.

दिवसाला माणशी 300 डॉलर किंवा त्याहून जास्त धरा, वर गाइडला 10 ते 20 टक्के टिप देण्याची रीत आहे. सॅक, तंबू बहुतेक ठिकाणी भाड्याने किंवा त्यातच मिळतात, पुण्यात खरेदी करत बसू नका. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढणं धरलंय का ते मात्र नीट वाचा.

आणि एक, भेटायची वेळ कुठल्या घड्याळाने ते पक्कं करून घ्या. एप्रिलमध्ये युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. फिनिक्सहून निघालेली, पेजला मुक्काम केलेली मंडळी तासभर उशिरा पोचतात आणि गाइड वाट बघत बसते.