पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईला पाहा

कोथरूडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीला आणि यजमानांना ग्रेट डेन या महाकाय जातीच्या कुत्र्याचे पिल्लू हवे आहे. एक विक्रेता ३५ दिवसांचे पिल्लू स्वारगेटला गाडीतून आणून देण्यास तयार असून टोकन लगेच मागतो आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट वरचेवर बंद असते आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्या लिहितात, "नाही म्हटले तर मी वाईट ठरते, हो म्हटले तर सगळे माझ्याच अंगावर पडणार. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम, टोकन देऊ नका. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. शिवाय किती जोराने चावले की दुसऱ्याला लागते, हे पिल्लू याच आठवड्यांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते. पुढे ५०-६० किलोंच्या वर जाणाऱ्या कुत्र्याचे हे शिक्षण अर्धवट राहणे तुमच्या सासऱ्यांच्या दृष्टीनेही बरे नाही.

जबाबदार ब्रीडर तुम्हाला स्वारगेटला बोलावणार नाही, स्वतःच्या घरी बोलावेल. तिथे पिल्लाची आई पाहा. ती परक्या माणसाला पाहून बुजते की शांतपणे जवळ येते, यावरून पिल्लाच्या स्वभावाचा बराच अंदाज येतो. आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी यांचे अहवाल मागा, कारण खुब्याच्या सांध्यातील दोष आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा विकार या जातीत आढळतात. खुब्याचा निष्कर्ष साधारण दोन वर्षांच्या वयानंतर अधिक खात्रीचा मानला जातो, म्हणून दीड वर्षाच्या मादीच्या "सगळ्या तपासण्या झाल्या आहेत" असे कोणी सांगितले तर सावध व्हा. केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, कागद वंशावळ सांगतात, प्रकृती नव्हे. आणि चांगला ब्रीडर तुम्हालाच प्रश्न विचारतो: घरात दिवसभर कोण असते, लिफ्ट आहे का, कुत्रा सांभाळणे जमले नाही तर काय कराल? अशा वेळी कुत्रा तो स्वतः परत घेईल, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

आता लिफ्टविषयी. या जातीची हाडे साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात आणि त्या काळात रोज तीन मजले चढउतार करणे सांध्यांना घातक ठरू शकते. पाच-सहा महिन्यांचे पिल्लू उचलून नेण्याइतके हलकेही राहत नाही. हाडे मजबूत व्हावीत म्हणून आपल्याकडे सर्रास कॅल्शियमचे औषध पाजले जाते. महाकाय जातींच्या पिल्लांमध्ये नेमके त्यानेच हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे खाद्य द्यावे, वाढ सावकाश होऊ द्यावी आणि पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय वरून काहीही देऊ नये.

सर्वांत मोठी भीती पोट फुगून पीळ पडण्याची असते. कुत्रा अस्वस्थ फिरतो, ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ताठ होते. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेतल्यास पीळ पडण्याचा धोका खूप कमी होतो. हे पशुवैद्यांशी आधीच बोलून ठेवा. रात्री दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो आणि एवढ्या वजनाच्या कुत्र्याला गाडीत कोण चढवणार, हेही आजच ठरवायला हवे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत फिरवणे पहाटे आणि सूर्यास्तानंतरच. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस ही कामे त्यामानाने सोपी आहेत.

ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षे जगतो. म्हणजे तो म्हातारा होईल तेव्हा तुमची मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कदाचित दुसऱ्या गावी असेल. ताई, सगळे आपल्यावर पडेल ही तुमची शंका आडमुठेपणा नाही, तो सरळ हिशेब आहे आणि तो घरात मोकळेपणाने मांडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तरीही घरच्यांना लगेच नकार देऊ नका. सगळे मिळून, सासऱ्यांसह, नोंदणीकृत ब्रीडरकडे जा आणि पूर्ण वाढलेल्या ग्रेट डेनजवळ तासभर बसा. त्यानंतर सकाळचे फिरवणे, खाण्याचा आणि औषधांचा खर्च, रात्रीचा दवाखाना यांपैकी काय कोण करणार, हे यजमानांना नावानिशी लिहून द्यायला सांगा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे बिलेही तशीच मोठी येतात. त्या कागदावर बहुतेक ठिकाणी तुमचेच नाव आले, तर नाही म्हणा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मुलीची ओढ खरी असेल, तर लहान चणीचा देशी कुत्रा दत्तक घेण्याचा विचार तिच्यापुढे ठेवा. तो तुमच्या घरात आणि पुण्याच्या उन्हाळ्यात अधिक सुखाने राहील. त्या विक्रेत्याला मात्र आजच नकार कळवा.