४४ इंची प्रिंटर घ्यायचा का?

४४ इंच रुंद कागदावर छापणारा फोटो प्रिंटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. स्वतःचे फोटो स्वतः छापायची हौस लागली, हे वाचूनच छान वाटलं. पण कोटेशन मागवण्याआधी एक हिशेब करा: महिन्याला मोठ्या प्रिंट नक्की किती निघतात? मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लावायचं म्हणून कधीतरी छापणार असाल, तर मशीन घेऊ नका. चांगल्या लॅबकडून छापून घ्या, तेच स्वस्त पडेल.

कारण हे मशीन बंद ठेवणं परवडत नाही. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची शाई) हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत सुकते. मग नोझल चेकच्या (छिद्रं तपासायच्या चाचणी प्रिंटच्या) रेघा मध्येच तुटलेल्या दिसतात आणि हेड क्लीनिंगला शाई वाया जाते. ती ज्या टँकमध्ये साचते, तोही भरला की विकतच घ्यायचा. त्यामुळे आठवड्याला एखादी रंगीत प्रिंट निघालीच पाहिजे.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- सोबतची शाई बऱ्याचदा कमी भरलेली असते. पूर्ण सेटचा भाव आधीच विचारा.
- स्टँडसकट वजन बऱ्याचदा १०० किलोच्या वर जातं. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण टेपने मोजा.
- मुंबईचा पावसाळा! दमट हवेत कागदाला लाटा येतात, कडा उचलल्या की हेड घासतं. काम झालं की रोल लगेच पिशवीत, सिलिका जेलसकट.

घ्यायचाच असेल तर २४ इंचीपासून सुरुवात करा, ए१ आकाराची (सुमारे २३ इंच रुंद) प्रिंट त्यावर आरामात निघते. त्याआधी मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग अचूक जुळवून घ्या. रिप (छपाई सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर) वगैरे सध्या राहू द्या. आपलीच फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन डीलरकडे जा, समोर छापून मागा आणि सावल्यांमधला तपशील नीट बघा.