रुग्णालयातील रात्र, आजींची झोप आणि संगीतोपचाराचे शिक्षण

प्रश्न: मी मिरजेची रहिवासी आहे. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि गायनाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई खुब्याचे हाड मोडल्यामुळे अकरा दिवस रुग्णालयात होत्या. त्यांना रात्री झोप लागत नसे आणि तिसऱ्या रात्री तर त्या आम्हालाच ओळखेनात. मुलगी उशाशी बसून फोनवर अगदी हळू आवाजात त्यांच्या आवडीची भजने लावत असे, तेव्हा त्या शांत होत. तेव्हापासून तिने म्युझिक थेरपिस्ट व्हायचे ठरवले आहे. तिने तीन महिन्यांचा एक ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही शोधला आहे. तिच्या वडिलांना हे पटत नाही. तिने केवळ ‘नीट’ची तयारी करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. या क्षेत्रात खरोखर करिअर आहे का? सासूबाईंना घरीही अजून नीट झोप लागत नाही. त्यांच्यासाठी काय लावावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

हा प्रश्न मिरजेहून यावा, याचे मला विशेष वाटले. एका बाजूला सतारमेकर गल्लीत सतारीसाठीचे भोपळे वाळत पडलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकापर्यंतचे रुग्ण ज्यांच्या भरवशावर येतात ती रुग्णालये आहेत, असे आपले गाव आहे. या दोन जगांना जोडणारे काम आपल्या मुलीला करावेसे वाटते, आणि ते तिला एखाद्या जाहिरातीवरून नव्हे, तर आजीच्या खाटेशेजारी बसून सुचले, ही माझ्या दृष्टीने जमेची मोठी बाजू आहे. मात्र त्या रात्री नेमके काय घडले, हे तिने आधी नीट समजून घ्यावे, कारण पुढचा मार्ग त्यावरच ठरणार आहे.

आजी आपल्या माणसांना ओळखेनाशा झाल्या, याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. उतारवयात शस्त्रक्रिया, वेदना, जंतुसंसर्ग, काही औषधे, शरीरातील पाण्याची कमतरता आणि झोपमोड यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की अशी संभ्रमाची अवस्था एकाएकी उद्भवू शकते. रुग्णालयात झोपमोडीला कारणांची कमतरता नसते. दर चार तासांनी रक्तदाब पाहिला जातो, सलाइनच्या पंपाची शिट्टी वाजते, लघवीचे औषध संध्याकाळी दिले गेल्यामुळे रात्रभर उठावे लागते, आणि ट्यूबलाइट तर रात्रभर चालूच असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णकक्षातील रात्रीच्या आवाजाची सरासरी ३० डेसिबलच्या आत असावी, असे म्हटले आहे. आपल्याकडील जनरल वॉर्डमध्ये एक रात्र काढलेल्या कोणालाही हा आकडा वाचून हसू येईल. अशा ठिकाणी आपल्या मुलीने केवळ भजन लावले नव्हते. ती शेजारी बसली होती, आवाज ओळखीचा होता, गाणे आजींच्या निवडीचे होते आणि तेवढ्या वेळापुरता बाकीचा कोलाहल मागे पडला होता. यांपैकी गुण नेमका कशाचा, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

संशोधनही हेच सांगते, आणि ते मी थोडे विस्ताराने मांडतो, कारण या विषयावर अतिशयोक्ती फार होते. अमेरिकेत डॉ. शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाला चालवणे, त्याचा चष्मा व श्रवणयंत्र त्याच्या हाताशी ठेवणे, पाणी पाजणे, त्याच्याशी बोलून त्याला दिवस-वेळेचे भान देणे आणि गोळ्यांवाचून झोप लागावी म्हणून प्रयत्न करणे, अशा अनेक साध्या गोष्टी एकत्र केल्यावर डिलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के राहिले, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांत ते १५ टक्के होते, असे त्यात दिसले. त्यातील झोपेच्या भागात गरम दूध किंवा तत्सम पेय, पाठीला हलकी मालिश आणि मन सैल करणारे ध्वनिमुद्रण किंवा संगीत यांचा समावेश होता. त्याच गटाने १९९८ मध्ये झोपेपुरत्या केलेल्या १११ वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात झोपेच्या गोळ्यांचा वापर ५४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आला होता. या गोळ्यांमुळे वृद्धांमध्ये पडण्याचा आणि संभ्रमाचा धोका वाढतो, म्हणून ही घट महत्त्वाची आहे. परंतु तिचे श्रेय एकट्या संगीताला देता येत नाही, ते दूध, मालिश आणि शांतता यांच्यासह वाटून घ्यावे लागते.

केवळ संगीताचा विचार केला, तर तैवानमधील एक अभ्यास अनेकदा सांगितला जातो. त्यात झोपेची तक्रार असलेल्या ६० ते ८३ वर्षे वयाच्या ६० व्यक्तींपैकी एका गटाने तीन आठवडे झोपताना ४५ मिनिटे स्वतः निवडलेले संथ संगीत ऐकले आणि त्यांची झोप सुधारली. मात्र ही माणसे आपापल्या घरी राहणारी होती. ती वॉर्डात नव्हती. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात निद्रानाशाची तक्रार असलेल्या प्रौढांवरील १३ अभ्यास, म्हणजे १००७ व्यक्ती, तपासल्या गेल्या, आणि संगीत ऐकल्याने लोकांना स्वतःची झोप सुधारल्यासारखी वाटते, एवढे मध्यम खात्रीने म्हणता आले. या ‘वाटते’ला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण वृद्ध रुग्णाला आराम वाटणे हाच तर उपचाराचा एक हेतू असतो. फक्त त्याला हाड जुळवण्याचे किंवा रक्तदाब बरा करण्याचे श्रेय देऊ नये.

येथेच एक सावधगिरीची सूचना देतो. अमुक रोगावर अमुक राग, असे तक्ते आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने वाटले जातात. बिहाग, बागेश्री, मालकंस हे रात्रीचे राग आहेत, ही आपली सुंदर परंपरा आहे. पण विशिष्ट राग विशिष्ट रोग बरा करतो, याला भक्कम पुरावा नाही. संशोधनात मिनिटाला ६० ते ८० ठोके असलेल्या संथ संगीताची शिफारस दिसते, परंतु हा हिशेब आपल्या ख्यालाला तसाच लावता येत नाही, कारण अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, एकतालात मिनिटाला वीसपेक्षाही कमी मात्रा (ठोके) असू शकतात आणि त्याच गायकाची तान मात्र त्या मात्रांमधून विजेसारखी जाते. शिवाय मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले की संथ बडा ख्याल द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीवर चढतो आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो; नुकताच डोळा लागलेला रुग्ण दचकून जागा होतो. ही गोष्ट संगीत शिकलेल्या माणसाच्याच लक्षात येते, आणि म्हणून आपल्या मुलीचे गायनशिक्षण या क्षेत्रात शोभेपुरते ठरणार नाही.

आता करिअरविषयी. दोन वेगळ्या कामांना आपल्याकडे एकच नाव दिले जाते. रुग्णाला त्याच्या पसंतीचे ध्वनिमुद्रित संगीत ठरावीक वेळी ऐकवणे हे काम परिचारिका किंवा प्रशिक्षित स्वयंसेवकही करू शकतो. संगीतोपचारक मात्र रुग्णाचे मूल्यमापन करतो, त्याच्याबरोबर प्रत्यक्ष गातो किंवा वाजवतो, उद्दिष्ट ठरवतो, नोंदी ठेवतो आणि डॉक्टरांच्या चमूचा भाग म्हणून काम करतो. ब्रिटनमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे, आणि अमेरिकेत या शिक्षणात किमान १२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण व त्यानंतर प्रमाणन परीक्षा असते. भारतात संगीतोपचारकांसाठी अशी स्वतंत्र परिषद नाही. त्यामुळे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन कोणीही पाटी लावू शकतो, आणि नेमक्या याच कारणाने त्या प्रमाणपत्रावर रुग्णालयात पक्की नोकरी मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. तिने शोधलेल्या अभ्यासक्रमाच्या चालकांना तिने एवढेच विचारावे की, यात प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करायचे आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली. उत्तर टाळले गेले, तर पैसे वाचवावेत.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की तिने बीएस्सी नर्सिंग करावे आणि संगीत सोडू नये. हे मी तिच्या वडिलांचे समाधान करण्यासाठी सुचवत नाही. रुग्णालयातील रात्र ही परिचारिकेच्या हातात असते. दिवे कधी मंद करायचे, दोन तपासण्या एकाच फेरीत उरकता येतील का, संध्याकाळचे लघवीचे औषध दुपारी देता येईल का हे डॉक्टरांना कोणी विचारायचे, आजोबा जागे आहेत ते वेदनेमुळे की भीतीमुळे, हे रात्रपाळीच्या सिस्टरलाच कळते. संगीतोपचारक बहुधा दिवसा येऊन जातो. झोपेचा प्रश्न रात्री दोन वाजता उभा राहतो. चार वर्षांच्या पदवीनंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की तिच्याकडे कायदेशीर ओळख असलेला व्यवसाय असेल, अधिपरिचारिका म्हणून नोकरीचा मार्ग खुला असेल आणि वृद्धांच्या परिचर्येत विशेष अभ्यास करता येईल. त्यानंतर संगीतोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. पुदुच्चेरी येथील श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले संगीतोपचाराचे केंद्र आहे, त्याची त्या वर्षीची पात्रता आणि नियम तेव्हा पाहावेत. परदेशी जायचे झाल्यास परिचर्येची पदवी आणि गायनातील विशारद यांची जोड तिच्या अर्जाला वजन देईल. नर्सिंगकडे कल नसेल, तर ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार, हा दुसरा चांगला पर्याय आहे. त्यासाठी वडिलांनी सुचवलेली ‘नीट’ची तयारी वाया जाणार नाही. केवळ एमबीबीएससाठी दोन-तीन वर्षे थांबणे मात्र या उद्दिष्टासाठी मला आवश्यक वाटत नाही.

परिचर्येचे काम कष्टाचे आहे, रात्रपाळ्या असतात, मलमूत्र काढावे लागते आणि एका सिस्टरवर पुष्कळ खाटांचा भार पडतो. हे तिला आधी सांगावे. मध्यमा पूर्णनंतर विशारदपर्यंतचा अभ्यास नर्सिंगच्या वेळापत्रकात बसवणे कठीण जाईल, तरी अशक्य नाही. परीक्षा एखादे वर्ष पुढे गेली तरी चालेल, रियाज पुढे जाऊ नये. त्याचबरोबर तिने हार्मोनियमवर स्वतःची साथ करायला शिकावे आणि आजी-आजोबांच्या पिढीची गाणी जमवावीत. त्यात अभंग, ओव्या, भावगीते, नाट्यपदे आणि जुनी हिंदी गाणी तर असावीतच, पण मिरजेच्या वॉर्डात कन्नड आणि उर्दू बोलणारे रुग्णही असतात, याचाही तिने विचार करावा. एकाचे भजन शेजारच्या खाटेवरील माणसाला नकोसे असू शकते, आणि नवऱ्याच्या आवडीचे गाणे एखाद्या विधवा आजीला रात्रभर रडवू शकते. म्हणून विचारल्याशिवाय काहीही लावू नये, आणि जो रुग्ण नको म्हणू शकत नाही, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते ओळखायला शिकावे.

परीक्षा संपल्यावर सुटीत तिने एखाद्या वृद्धाश्रमात, व्यवस्थापनाच्या परवानगीने, संध्याकाळी जावे आणि वहीत नोंदी ठेवाव्यात. झोप मोजण्याच्या प्रश्नावल्याही तेव्हाच ओळखीच्या होतील. पिट्सबर्ग प्रश्नावली गेल्या महिनाभराच्या झोपेविषयी विचारते, म्हणून चार दिवसांसाठी दाखल झालेल्या रुग्णाला ती फारशी उपयोगी नाही. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत फक्त कालच्या रात्रीविषयी मोजके प्रश्न असतात, म्हणून ती रुग्णालयात सोयीची पडते.

सासूबाईंसाठी आधी डॉक्टरांना भेटावे. हाड मोडल्यानंतरची वेदना, औषधांच्या वेळा, दुपारची लांब झोप आणि रात्री लघवीला उठणे हे तपासल्याशिवाय गाण्याकडे वळू नये. त्यानंतर काय ऐकायचे, ते त्यांनाच ठरवू द्यावे. गाणी आधीच फोनवर उतरवून घ्यावीत, म्हणजे यूट्यूबवरील जाहिरात मध्येच ओरडणार नाही. साधारण पाऊण तासानंतर आपोआप बंद होईल अशी सोय करावी आणि आवाज शेजारी बसून बोलण्यापेक्षाही कमी ठेवावा. त्या श्रवणयंत्र वापरत असतील, तर ते काढून ठेवण्यापूर्वीच गाणे ऐकवावे. कानात घालायचे हेडफोन देऊ नयेत, कारण रात्री उठताना वायर पायात अडकली, तर दुसरा खुबा मोडेल.